जमिनीचे तुकडे, कायदा आणि हिशेब

शेतजमिनीचे तुकडे पडू नयेत म्हणून कायदा करावा, ही मागणी आपल्या प्रांतात शंभर वर्षांहून अधिक काळ चालत आली आहे. तसा कायदाही झाला. तथापि तुकडे पडावयाचे थांबले नाहीत. असे का व्हावे, याचा विचार ज्या विद्वानांनी फार पूर्वी केला, त्यांत डॉ. भीमराव आंबेडकर यांचे स्थान अग्रभागी आहे. ते कायद्याचे प्राध्यापक होते, १९३५ साली मुंबईच्या सरकारी विधि महाविद्यालयाचे प्राचार्यही झाले. आणि त्यांचे मूळ अध्ययन अर्थशास्त्राचे होते. या दोन्ही विद्यांचा मेळ त्यांच्या ठायी असल्यामुळे कायद्याची परीक्षा त्याच्या हेतूवरून न करिता परिणामावरून करावी, अशी त्यांची दृष्टी होती. ‘हिंदुस्थानातील लहान धारणा व त्यांवरील उपाय’ या विषयावरील त्यांचा इंग्रजी निबंध १९१८ साली प्रसिद्ध झाला. त्यातील मुख्य विचार आमच्या वाचकांस उपयुक्त वाटेल, म्हणून तो येथे सांगत आहो.

त्या काळी मुंबई इलाख्याचे शेतकी खात्याचे अधिकारी कीटिंग व बडोदे संस्थानची समिती यांनी या प्रश्नाचा ऊहापोह केला होता. ज्या जमिनीवर एका कुटुंबाचा निर्वाह समाधानाने होईल ती पुरेशी धारणा, अशी कीटिंगसाहेबांची व्याख्या होती. डॉ. आंबेडकरांनी या व्याख्येवरच आक्षेप घेतला. कुटुंबास किती लागते हा खर्चाचा प्रश्न झाला. शेत हे तर उत्पादनाचे साधन होय. एखादे शेत पुरेसे आहे की नाही, हे त्याच्या एकरांवरून ठरत नाही. त्या शेतास जोडलेले बैल, अवजारे, भांडवल व माणसांचे हात यांचे जमिनीशी प्रमाण जुळते की नाही, यावरून ते ठरते. अवजारे व बैल तोकडे असतील तर लहान शेतही मोठे होते, आणि साधने विपुल असतील तर मोठे शेतही अपुरे पडते.

हा मुद्दा आपल्या जिल्ह्यातील उदाहरणाने अधिक स्पष्ट होईल. समजा, दारव्हा तालुक्यात एका घरची वीस एकर कोरडवाहू काळी जमीन आहे आणि तीत कापूस व तूर ही पिके घेतात. एका बैलजोडीने पंधरा एकरांची वखरणी, पेरणी व डवरणी होते असे धरू. एकत्र कुटुंबास दोन जोड्या पुरून उरतात. आता चौघे भाऊ वेगळे झाले व प्रत्येकास पाच एकर आले. प्रत्येकाने आपली जोडी ठेविली तर त्याच वीस एकरांवर चार जोड्या झाल्या. बैल पाच एकर वाहो की पंधरा, कडबा व ढेप त्यास वर्षभर लागतेच. म्हणून दर एकरी बैलांचा खर्च दुप्पट झाला, उत्पन्न मात्र वाढले नाही. जोडी न ठेवावी तर भाड्याची जोडी वापसा निघून गेल्यावर हाती येते व पेरणी मागे पडते. भाड्याच्या ट्रॅक्टरचीही गत निराळी नाही. शिवाय नवे धुरे पडले, वहिवाटीच्या वाटेवरून तंटे वाढले, ते वेगळेच.

मग कायद्याने तुकडे बंद का करू नयेत? डॉ. आंबेडकरांचे उत्तर असे की, तुकडे हे रोगाचे लक्षण आहे, मूळ नव्हे. शेतीवाचून दुसरा उद्योग नसल्यामुळे सर्वांचा भार जमिनीवर पडतो; रिकामे हात उत्पादन न करिता खातात मात्र, आणि त्यायोगे भांडवल साचत नाही. मूळ कारण कायम ठेवून वारसांपैकी एकासच जमीन द्यावी, तर बाकीचे भूमिहीन होतील. विखुरलेले तुकडे एकत्र करणे व लहान धारणा मोठी करणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हेही त्यांनी दाखवून दिले. शेतीवरील जादा माणसांस काम देणारे कारखाने वाढविणे हा त्यांच्या मते खरा उपाय होता. १९२७ साली मुंबई कायदेमंडळात लहान धारणांविषयीचे विधेयक आले तेव्हा त्यांनी त्यास विरोध केला आणि मालकी ज्याची त्याची राखून सहकाराने लागवड करावी, असे सुचविले.

पुढे १९४७ साली तुकडेबंदी व एकत्रीकरणाचा कायदा झाला व कालांतराने तो विदर्भासही लागू झाला. त्याचा परिणाम आकड्यांवरूनच पाहावा. कृषिगणनेप्रमाणे १९७०-७१ साली महाराष्ट्रात सुमारे ४९.५ लाख वहिती खाती होती व सरासरी क्षेत्र ४.२८ हेक्टर होते. २०१५-१६ साली खाती सुमारे १५२.८ लाख झाली व सरासरी १.३४ हेक्टरवर आली. एकूण क्षेत्र जवळजवळ तेवढेच राहिले. म्हणजे कायदा पुस्तकात असताना धारणा एक-तृतीयांशाहूनही खाली आली. पुष्कळ व्यवहार नोंदणीवाचून साध्या कागदावर झाले. ते नियमित करून घेण्यास सरकारला २०१७ साली बाजारभावाच्या २५ टक्के आकार ठेवावा लागला व २०२४ साली तो ५ टक्क्यांवर आणावा लागला. प्रमाणभूत क्षेत्रही २०२३ साली बहुतेक जिल्ह्यांत जिरायतीस २० गुंठे व बागायतीस १० गुंठे असे उतरविण्यात आले.

यावरून कायदा निरुपयोगी आहे, असे आमचे म्हणणे नाही. ज्याची वाटणी नोंदीवाचून राहते त्यास सातबारा निघत नाही, कर्ज मिळत नाही व पुढच्या पिढीस तंटा वारशाने मिळतो. म्हणून कायदा पाळण्यात शेतकऱ्याचेच हित आहे. परंतु केवळ मनाईने जमीन अखंड राहत नाही, हा या साऱ्याचा निष्कर्ष होय.

यास्तव वाटणीस बसण्यापूर्वी आमच्या शेतकरी बंधूंनी एकरांबरोबर बैल, विहीर, अवजारे व हात यांचाही हिशेब कागदावर मांडावा. सातबाऱ्यावर हिस्से वेगळे झाले तरी जोडी, विहीर व पेरणी सामाईक ठेवण्यास कोणताही कायदा आड येत नाही. तसा लेखी ठराव भावाभावांत व्हावा, शक्य तेथे शेजाऱ्यांसही त्यात घ्यावे. घरातील एखाद्या मुलास शेतीबाहेरचा उद्योग शिकविणे हेही जमीन राखण्यासारखेच आहे. वणीपासून पुसदपर्यंत कापूस पिकविणाऱ्या या जिल्ह्यात त्या कापसावरील उद्योग जितके वाढतील, तितका जमिनीवरील भार हलका होईल. ज्या घरी हा हिशेब वेळीच झाला, त्या घरी तुकड्यांचे भय कमी राहील, असे आम्हांस वाटते.