ॲक्सेस पॉइंटांची तुलना : ‘वेग’ आणि ‘व्यत्यय’ या दोन शब्दांचा विचार

विद्यापीठ, ग्रंथालय, रुग्णालय किंवा मोठी कचेरी अशा ठिकाणी शेकडो माणसांसाठी वाय-फायची योजना करावयाची असते, तेव्हा निरनिराळ्या उत्पादकांच्या ॲक्सेस पॉइंटांची तुलना करणे अपरिहार्य होते. उपकरणाचा वेग किती, आणि व्यत्ययास ते कसे तोंड देते, हे दोन प्रश्न अशा वेळी हटकून विचारले जातात. दोन्ही प्रश्न वरवर सरळ दिसतात. परंतु ‘वेग’ आणि ‘व्यत्यय’ हे दोन्ही शब्द परस्परांहून भिन्न अशा अनेक गोष्टींचे वाचक आहेत. हे अर्थभेद ध्यानी न घेता केलेली तुलना आकड्यांनी कितीही सजविली, तरी निर्णयाच्या कामी ती फारशी येत नाही; आणि चुकीच्या निर्णयाचे फळ निविदा मंजूर करणाऱ्यास नव्हे, तर सभागृहातील शेवटच्या बाकावर जुना फोन घेऊन बसलेल्या विद्यार्थ्यास भोगावे लागते.

१. ‘वेग’ या शब्दाचे तीन अर्थ

माहितीपत्रकात छापलेला वेग हा पहिला अर्थ होय. १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या ८०२.११ या मूळ मानकात कमाल दर सेकंदास २ मेगाबिट होता. २००९ च्या ‘एन’ आवृत्तीत तो ६०० मेगाबिटांवर गेला आणि २०२१ च्या ‘एएक्स’ आवृत्तीत, म्हणजे वाय-फाय ६ मध्ये, सुमारे ९६०० मेगाबिटांवर पोहोचला. मात्र हा शेवटचा आकडा आठ स्वतंत्र प्रवाह आणि १६० मेगाहर्ट्झ रुंदीचे चॅनेल गृहीत धरतो. सामान्य फोन दोनच प्रवाह हाताळतो, आणि गर्दीच्या इमारतीत चॅनेलची रुंदी बहुधा २० मेगाहर्ट्झ ठेवावी लागते. या दोन अटी घातल्या की त्याच मानकातील कमाल दर सुमारे २८७ मेगाबिटांवर येतो. तोही फोन ॲक्सेस पॉइंटाच्या अगदी निकट असेल, तरच.

दुसरा अर्थ प्रत्यक्ष हाती पडणाऱ्या दराचा. प्रत्येक फ्रेमपूर्वी वाट पाहावी लागते, फ्रेमनंतर पोच यावी लागते, आणि हरवलेली फ्रेम पुन्हा पाठवावी लागते. या साऱ्यात वेळ खर्च होत असल्याने हाती पडणारा दर छापील दरापेक्षा नेहमीच कमी भरतो. तिसरा अर्थ विलंबाचा. दूरस्थ व्याख्यान ऐकणाऱ्यास दर सेकंदास मेगाबिट किती मिळाले यापेक्षा आवाज तुटला की नाही, हे महत्त्वाचे वाटते. आणि सरासरी दर उत्तम असूनही मधूनमधून होणारा दीर्घ विलंब आवाज तोडू शकतो.

२. सामाईक हवा आणि पाळीचा न्याय

या तिन्ही अर्थांमागे एकच वस्तुस्थिती आहे. एका चॅनेलवर एका वेळी सामान्यतः एकासच बोलता येते. हवाई विद्यापीठात नॉर्मन अब्रामसन यांनी उभारलेले ‘अलोहा’ जाळे १९७१ साली कार्यान्वित झाले. त्यात प्रत्येक केंद्र मनास येईल तेव्हा संदेश सोडीत असे. अशा पद्धतीत चॅनेलच्या क्षमतेपैकी जास्तीत जास्त १८ टक्केच सत्कारणी लागते, असे गणिताने दिसून आले. आधी ऐकावे, मग बोलावे, या शिस्तीचे विश्लेषण लिओनार्ड क्लाइनरॉक व फुआद तोबागी यांनी १९७५ साली प्रसिद्ध केले. वाय-फाय या शिस्तीचाच वारसा चालविते. चॅनेल मोकळे दिसले तरी प्रत्येक उपकरण यदृच्छेने निवडलेला काही काळ थांबते, आणि टक्कर झाल्यास पुढील खेपेस थांबण्याची मर्यादा दुप्पट करते.

या व्यवस्थेत प्रत्येकास सारख्या पाळ्या मिळतात, पण सारखा वेळ मिळत नाही. ग्रेनोबल येथील चार संशोधकांनी २००३ साली दाखवून दिले, की एक मंद उपकरण इतर सर्वांना आपल्या पातळीवर ओढते. उदाहरणार्थ, एका खोलीत ५४ मेगाबिट दराने बोलणारी नऊ उपकरणे आणि ६ मेगाबिट दराने बोलणारे एक उपकरण आहे, असे समजू. १५०० बाइटांची, म्हणजे १२,००० बिटांची, फ्रेम पाठविण्यास जलद उपकरणास सुमारे २२२ मायक्रोसेकंद लागतात, तर मंद उपकरणास २०००. सर्वांची एकेक पाळी पूर्ण होण्यास ४००० मायक्रोसेकंद जातात, आणि त्यांतील निम्मा काळ एकटे मंद उपकरण घेते. इतर खर्च बाजूस ठेवला, तर प्रत्येकास ३ मेगाबिट मिळतात. एकूण दर ३० मेगाबिट.

आता पाळीऐवजी वेळ समान वाटला, तर प्रत्येक जलद उपकरणास ५.४ आणि मंद उपकरणास ०.६ मेगाबिट मिळतात. एकूण दर ४९.२ मेगाबिटांवर जातो. समान वेळेची ही वाटणी आज अनेक ॲक्सेस पॉइंटांत आढळते. लिनक्समधील तिच्या अंमलबजावणीवरील शोधनिबंध २०१७ साली प्रसिद्ध झाला. ती अन्याय्य आहे, असे म्हणता येणार नाही. एकामुळे नऊ जणांनी अडून राहणे हाही अन्यायच. परंतु एकूण दर तीस मेगाबिटांवरून एकोणपन्नासांवर गेल्याचा निष्कर्ष मांडताना शेवटच्या बाकावरील फोनचा वाटा एक-पंचमांश झाला, ही गोष्ट त्या आकड्यात कोठेही दिसत नाही. न्यायाची कोणती व्याख्या स्वीकारावयाची, हा निर्णय उत्पादकाने नकळत घेण्याऐवजी संस्थेने जाणून घ्यावा, हे अधिक योग्य. शिवाय मंद उपकरणाचे खरे दुःख वाटणीने दूर होत नाही. त्यास चांगला सिग्नल पोहोचून त्याचा दर वाढला, तरच नऊ आणि एक यांतील हा कलह मिटतो.

३. ‘व्यत्यय’ या शब्दाचे तीन अर्थ

पहिला व्यत्यय त्याच चॅनेलवरील दुसऱ्या वाय-फायचा. वस्तुतः हा गोंगाट नसून रांग आहे. उणे ८२ डीबीएम इतका क्षीण वाय-फाय सिग्नल ऐकू आला तरी उपकरण थांबते आणि आपली पाळी येण्याची वाट पाहते. म्हणूनच एका मजल्यावर अधिक ॲक्सेस पॉइंट बसविले की सेवा सुधारेल, ही समजूत पुष्कळदा फसते. यावर उपाय म्हणजे अरुंद चॅनेल, बेताची प्रक्षेपणशक्ती आणि चॅनेलांची विचारपूर्वक वाटणी. उपकरण उत्तम असूनही ही मांडणी चुकली, तर दोष उपकरणाच्या माथी मारणे गैर होय.

दुसरा व्यत्यय शेजारच्या चॅनेलचा. २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यात चॅनेल पाच-पाच मेगाहर्ट्झ अंतरावर आहेत, परंतु प्रत्येकाची रुंदी सुमारे २० मेगाहर्ट्झ असते. त्यामुळे १, ६ आणि ११ हीच तीन चॅनेले सोयीने वेगळी राहतात. १ आणि ६ यांवर गर्दी आहे म्हणून कोणी ३ निवडले, तर दोन्हीकडील उपकरणांना त्याचे बोलणे उमगत नाही; ते केवळ गोंगाट म्हणून कानी पडते. शेजारचा आवाज गाळण्याचे सामर्थ्य ग्राहक-यंत्रणेच्या घडणीवर अवलंबून असल्याने येथे दोन ॲक्सेस पॉइंटांत खराखुरा भेद दिसू शकतो.

तिसरा व्यत्यय वाय-फायेतर साधनांचा : मायक्रोवेव्ह ओव्हन, ब्लूटूथ इत्यादी. अशा परक्या सिग्नलासाठी २० मेगाहर्ट्झ चॅनेलवर थांबण्याची सीमा उणे ६२ डीबीएम आहे, म्हणजे वाय-फायच्या सीमेपेक्षा शंभरपट अधिक शक्तीची. या दोन सीमांच्या दरम्यानचा परका सिग्नल उपकरणास गप्प बसवीत नाही, पण दूरच्या फोनची फ्रेम मात्र बिघडवू शकतो. फ्रेम हरवली की अनेक उपकरणे सिग्नल क्षीण झाल्याचा तर्क करून दर उतरवितात. दर उतरला की फ्रेम अधिक काळ हवेत राहते, आणि अधिक काळ राहिल्याने पुन्हा सापडते. ट्रान्सफॉर्मर असलेला सामान्य ओव्हन ५० हर्ट्झ विजेवर दर २० मिलिसेकंदांपैकी साधारण निम्मा काळच प्रक्षेपण करतो. जो ॲक्सेस पॉइंट आपला दर न सोडता उरलेल्या फटीत लहान फ्रेमा पाठवितो तो तरतो. जो दर उतरवितो तो फटीही गमावतो.

४. तुलना कशी करावी

यास्तव तीन पथ्ये अगत्याची ठरतात. पहिले असे, की जागा, उंची, चॅनेल, रुंदी आणि प्रक्षेपणशक्ती ही समान ठेवून उपकरणे आलटून-पालटून अनेकदा तपासावीत. सकाळी एक आणि दुपारी दुसरे तपासल्यास इमारतीतील गर्दीचीच तुलना होईल. दुसरे असे, की तिन्ही व्यत्यय एकेक करून मुद्दाम निर्माण करावेत; एकत्रित चाचणीत कोणत्या गुणामुळे कोण जिंकले, हे कळत नाही. चॅनेलची आपोआप निवड करण्याचा गुणही निराळा तपासावा. तिसरे पथ्य असे, की सरासरी व एकूण दर यांच्या जोडीस सर्वांत मागे पडलेल्या उपकरणाचा दर आणि शंभरांतील सर्वांत वाईट पाच फ्रेमांचा विलंब नोंदवावा.

तात्पर्य, ‘कमाल वेग किती?’ या निविदेतील प्रश्नाची जागा पुढील प्रश्नाने घ्यावयास हवी : एकाच २० मेगाहर्ट्झ चॅनेलवर तीस उपकरणे जोडलेली असून त्यांपैकी पाच जुनी व दूर आहेत, आणि जवळच ओव्हन चालू आहे, अशा वेळी त्या पाचांपैकी सर्वांत दुर्बल उपकरणास काय मिळते, आणि ते देताना उरलेल्या पंचविसांचे किती जाते? ज्या ॲक्सेस पॉइंटाबद्दल या प्रश्नाचे उत्तर मोजून देता येते, त्याचीच तुलना झाली असे म्हणता येईल.