पोकरच्या टेबलावर टीप: किती, कधी, कोणाला

लास वेगासला जाणाऱ्या आपल्या लोकांना हॉटेलातल्या टिपेचा हिशेब एव्हाना जमलेला असतो. पोकरच्या टेबलावर मात्र हात अडखळतो. इथे बिल येत नाही आणि द्यायचे कधी, हे कोणी सांगत नाही.

आधी डीलर पाहू. पत्ते पिसणारा, वाटणारा आणि पॉट, म्हणजे डावात जमलेल्या चिप्सचा ढीग, जिंकणाऱ्याकडे सरकवणारा हा कॅसिनोचा नोकर. तो स्वतः खेळत नाही. आपण हरलो म्हणून त्याच्या पदरात काही पडत नाही.

आता त्याचा पगार. अमेरिकेत केंद्रीय किमान वेतन ताशी ७.२५ डॉलर आहे. पण टीप मिळणाऱ्या नोकराला मालकाने स्वतः २.१३ डॉलर दिले तरी चालते. उरलेली भर टिपेतून पडते असे धरतात, न पडल्यास फरक मालकाने द्यायचा. हा २.१३चा आकडा १९९१पासून हललेला नाही. नेवाडात, म्हणजे वेगासच्या राज्यात, मालकाला ही सवलत नाही. जुलै २०२४पासून तिथे किमान वेतन १२ डॉलर आहे. तरी डीलरचे घर मुख्यतः टिपेवरच चालते. पगाराचा भार असा गिऱ्हाइकावर ढकलणे मला पटत नाही, पण तो राग डीलरवर काढून काय उपयोग?

खेळ सुरू झाला की डीलर पॉटमधून काही चिप्स काढून टेबलाच्या फटीत टाकताना दिसेल. तो रेक, कॅसिनोचा वाटा. नवख्यांची पहिली चूक इथेच होते: डीलरला त्याचे मिळाले, असे समजून ते गप्प बसतात. त्यातला एक सेंटही त्याच्या खिशात जात नाही.

आपण पॉट जिंकलात. १-२ डॉलरच्या, म्हणजे लहान पैजांच्या, साध्या टेबलावर एक डॉलरची चिप द्यायचा रिवाज आहे. पॉट मोठा असेल तर दोन-तीन डॉलर. सगळ्यांनी पत्ते टाकून दिले आणि हाती चिल्लरच आली, तर काही नाही दिले तरी कोणी वाईट मानत नाही. हरलेल्याने द्यायची नसतेच.

चिप द्यायची कशी, यात जास्त घोटाळे होतात. डाव चालू असताना पुढे केलेली चिप पैज समजली जाऊ शकते. म्हणून पॉट आपल्याकडे येऊ द्या, मग चिप डीलरसमोर ठेवा. तो ती टेबलावर टकटक वाजवून खिशात किंवा डबीत टाकेल. हे आभारही असतात आणि वरच्या कॅमेऱ्यासाठी खूणही. जवळ मोठीच चिप असेल तर ठेवण्यापूर्वीच सुटे मागा.

डीलर साधारण अर्ध्या तासाने बदलतो. पोकरमध्ये बहुतेक ठिकाणी ज्याची टीप त्याची, त्यामुळे ‘नंतर एकदम देऊ’ म्हटले की पहिला कोरडाच जातो. ब्लॅकजॅक, रूलेटच्या डीलरांची टीप सहसा एकत्र करून वाटतात. २००६मध्ये विन लास वेगास या कॅसिनोने त्या वाटणीत वरिष्ठांनाही घेतले, तेव्हा प्रकरण कोर्टात गेले आणि वर्षानुवर्षे चालले.

स्पर्धेत, म्हणजे टूर्नामेंटमध्ये, समोरच्या चिप्स नुसते गुण असतात. बाहेर त्यांची किंमत शून्य. त्यातली चिप डीलरला देता येत नाही. बक्षीस मिळाल्यावर टीप ठेवावी, पण आधी नियमपत्रक वाचा. बऱ्याच स्पर्धांत प्रवेशाच्या पैशातून काही टक्के कर्मचाऱ्यांसाठी आधीच कापलेले असतात. तसे असेल, तर वर द्यायचे की नाही हे आपल्या मर्जीवर.

ही रीत अमेरिकेची. मेलबर्नच्या कॅसिनोत डीलरला टीप घ्यायला कायद्यानेच बंदी आहे. तिथे चिप पुढे केलीत, तर तो ती हसून परत करेल.