अप्पांच्या सायकलीला दोन गिअर

गेल्या वर्षी मे महिन्यात आईचा फोन आला. "तुझे अप्पा पुलावर सायकल ढकलत नेताना दिसले म्हणे. आता तूच काय ते सांग, माझं ऐकत नाहीत."

आमचं घर बेळगावच्या कॅम्पात. अप्पांचं वय 69. रोज सकाळी ते टिळकवाडीत आत्याकडे जातात, चहा घेतात आणि भाजी घेऊन परत येतात. वाटेत गोगटे सर्कलजवळचा रेल्वेवरचा पूल लागतो. बाकी रस्ता तसा सपाटच. डॉक्टरांनी सायकलीला हरकत घेतली नव्हती, पण गुडघ्यावर जोर देऊ नका असं बजावलं होतं. त्यामुळे अप्पा पुलाच्या पायथ्याशी उतरायचे आणि माथ्यावर पुन्हा बसायचे. आईला त्यांचं ढकलणं लागलं. मला भीती होती ती भर रहदारीत उतरण्या-चढण्याची.

इलेक्ट्रिक स्कूटरचा विषय त्यांनी एका वाक्यात संपवला, "पाय आहेत की अजून." पुतण्याची एकवीस गिअरची सायकल आणून दाखवली, तर म्हणाले, "ह्यावर वाकून बसायचं, तर रस्ता कधी बघायचा?" त्यात तथ्य होतं. शिवाय त्या सायकलीची चेन उघडी असते. आपल्याकडचा पाऊस आणि तांबडी माती एकत्र आली की अशा चेनचं आणि पँटचं काय होतं, हे बेळगावकरांना सांगायला नको. अप्पांच्या जुन्या रॅलेला पूर्ण चेनकव्हर आहे. ते काढायचं नाही, ही त्यांची पहिली अट.

मग सापडला हबमधला गिअर. यात सगळी यंत्रणा मागच्या चाकाच्या हबच्या पोटात असते, बाहेरून चेन एकाच चक्रीवर फिरते. कल्पना अजिबात नवी नाही. विल्यम रायली या इंग्रज माणसाने 1896 मध्ये अशा दोन गिअरच्या हबचं पेटंट घेतलं. त्याच्या तीन गिअरच्या हबमधून पुढे रॅले कंपनीच्या आश्रयाने स्टर्मी-आर्चर उभी राहिली, 1902 पासून. नावात स्टर्मी आले, आर्चर आले, रायली मात्र राहिला. इंग्लंडमध्ये असे हब घरोघरी होते. आपल्याकडे रॅले आली, आसनसोलला तयारही होऊ लागली, पण रस्त्यावर दिसली ती बहुतेक बिनगिअरचीच.

मी निवडलेला हब स्टर्मी-आर्चरचाच, मात्र आता ही कंपनी तैवानच्या सनरेसकडे आहे. याला हँडलवर खटका नाही की केबल नाही. पेडल किंचित मागे दाबलं की गिअर बदलतो, पुन्हा दाबलं की पहिला येतो. आणखी जोरात मागे दाबलं की हबमधलाच ब्रेक लागतो. आत सूर्यमालेसारखी रचना आहे. मध्ये स्थिर दंतचक्र, भोवती छोटी चक्रं, सगळ्यांबाहेर आतून दात असलेलं कडं. खालच्या गिअरमध्ये चक्री जेवढी फिरते तेवढंच चाक फिरतं, वरच्या गिअरमध्ये 1.38 पट.

इथे हिशेब नीट करावा लागतो. हा हब फक्त वर नेतो. जुनीच चक्री ठेवली असती तर चढ होता तसाच राहिला असता आणि सपाटीचा गिअर उगाच जड झाला असता. अप्पांच्या सायकलीची पुढची चक्री 44 दातांची, मागची 18 दातांची होती. पेडलच्या एका फेऱ्यात सायकल साधारण साडेपाच मीटर जायची. मी मागे 22 दातांची चक्री घेतली. आता खालच्या गिअरला एका फेऱ्यात सुमारे 4.4 मीटर, वरच्याला 6 मीटर. म्हणजे चढाला पायावरचा जोर एक पंचमांशाने कमी, आणि सपाटीला पूर्वीपेक्षा थोडी जास्तच धाव.

हब मावसभावाने इंग्लंडहून आणला. किंमत ऐकून अप्पा म्हणाले, "एवढ्यात दोन नव्या सायकली आल्या असत्या." मी विषय बदलला.

खरी अडचण भोकांची निघाली. आपल्या जुन्या सायकलींना पुढे 32 आरे आणि मागे 40. नवा हब 36 भोकांचा. म्हणजे मागची रिम बदलणं आलं. हायब्रिड सायकलींना बसते ती 36 भोकांची ॲल्युमिनियमची रिम मिळाली, पण तिच्यावर जुना दांड्यांचा ब्रेक चालत नाही. त्याचे रबर खालून वर ओढले जाऊन रिमच्या आतल्या कडेवर टेकतात, त्यासाठी रिमचा आकारच वेगळा लागतो. पण ब्रेक हबमध्येच असल्यामुळे मागचे दांडे काढून टाकता आले. पुढचा ब्रेक जसाच्या तसा ठेवला. पावसात लोखंडी रिमवर ते रबर कसे घसरतात हे ज्यांनी अनुभवलंय, त्यांना हबमधल्या कोरड्या ब्रेकचं मोल कळेल.

आऱ्यांची लांबी मी स्प्रेडशीटवर काढली. दोन दशांशांपर्यंत! मिस्त्रींनी चाक विणायला घेतलं आणि अर्ध्या तासात हाक मारली. आरे निपलमधून सहा मिलिमीटर बाहेर येत होते. मी जुन्या रिमचा व्यास घातला होता. जुनी 635 मिलिमीटर, नवी 622. मिस्त्री काही बोलले नाहीत, फक्त चहा सांगितला. आठवड्याने नवे आरे आले. मागचा चिमटा थोडा पसरवून हब बसवला, ब्रेकचा आडवा दांडा फ्रेमला पट्टीने आवळला आणि मिस्त्रींनी चाकाचा आऊट काढला. हे सगळं होताना अप्पा बाजूच्या स्टुलावर बसून होते, लेकीच्या सासरची माणसं बघायला आल्यासारखे.

पहिल्या दिवशी ते पुलावरून न उतरता गेले. परत येताना उतारावर, पन्नास वर्षांच्या सवयीने, त्यांनी पेडल सहज मागे फिरवले. मागचं चाक करकचून थांबलं आणि अप्पा डाव्या बाजूला पडले. कोपर खरचटलं, एवढ्यावरच निभावलं. आई दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

माझी चूक साधी होती. मी दात मोजले, मीटर मोजले, पण त्यांचे पाय उभ्या जन्मात काय शिकलेत हे विचारलं नाही. सिग्नलला थांबल्यावर पेडल उलटं फिरवून हवं तसं वर आणणं ही प्रत्येक सायकलवाल्याची सवय. या हबमध्ये ते जमत नाही. शिवाय ब्रेक मारला की गिअरही बदलतो, आणि कोणत्या गिअरमध्ये आहोत हे दाखवणारं काहीच नाही. सॉफ्टवेअरमध्ये असं बटण कोणी केलं तर मी परत पाठवतो.

सायकल पूर्ववत करून देतो म्हणालो. जुनं चाक मिस्त्रींकडेच होतं. अप्पा म्हणाले, "आठ दिवस थांब."

आठही दिवस पहाटे साडेपाचला आम्ही मिलिटरी महादेवाच्या बाजूच्या रस्त्यावर जात होतो. मी मागून चालत, ते सायकलवर. थांबण्याआधी एक पेडल वर येईल असा अंदाज घ्यायचा, ब्रेक हळू दाबायचा, निघाल्यावर जड लागलं तर एकदा हलकेच मागे. चौथ्या दिवसापासून मी नुसताच बाकावर बसलो. सहाव्या दिवशी त्यांनी मला सांगितलं, की खालच्या गिअरला आवाज वेगळा येतो, ऐकून कळतं. मला अजूनही तो ऐकू येत नाही.

या जूनमध्ये मी पावसात घरी होतो. अप्पा रेनकोट चढवून आत्याकडे निघाले तेव्हा आईने पिशवी दिली आणि दार लावून घेतलं. पुलाचा विषय निघाला नाही. जुनं चाळीस आऱ्यांचं चाक आता आमच्या माळ्यावर आहे. हब उघडून ग्रीस बघायचं राहिलंय. मिस्त्री म्हणतात, पाऊस संपू दे, दसऱ्याआधी ओव्हरऑइलिंगला घेऊ. त्या दिवशी स्टुलावर बसायला अप्पा येणारच आहेत.