पाण्यावर चालणारी बस

२००३ साली आइसलंडच्या राजधानीत, रेक्याविकमध्ये, हायड्रोजन भरून देणारा पंप सुरू झाला आणि त्याच वर्षी तीन सिटी बस हायड्रोजनवर धावू लागल्या. मागून धूर नाही, नुसती वाफ. त्या काळात मी या विषयावर हाती लागेल ते वाचत होतो आणि वाचलेलं गावोगावच्या व्याख्यानांत सांगत होतो. ‘वीस वर्षांत हा देश पेट्रोल-डिझेलला रामराम ठोकेल आणि हायड्रोजनवर जाईल,’ असं मी छातीठोकपणे सांगितलेलं आहे. आइसलंडवाल्यांनी स्वतः शतकाच्या मध्यापर्यंतची मुदत धरली होती. वीस वर्षं ही माझी भर. आज तिथे नवी गाडी घेणारे लोक मोठ्या संख्येनं बॅटरीची गाडी घेतात. हायड्रोजनची गाडी शोधावी लागते. माझं भाकीत कुठे चुकलं, ते शोधताना हायड्रोजनची खरी जागा कोणती हे मला उमगत गेलं.

आधी एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. हायड्रोजनला ‘इंधन’ म्हटलं की तो कोळशासारखा खणून काढायचा, असं वाटतं. कारखान्यांत आज लागणारा हायड्रोजन मात्र बनवावा लागतो. जगात तो बहुतेक नैसर्गिक वायू आणि कोळशापासून बनतो आणि त्यात भरपूर कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. पाण्यात वीज सोडून, त्याचं विघटन करून मिळवला आणि ती वीज जलविद्युत, वारा किंवा उन्हाची असली, तर त्याला ‘हरित’ म्हणायचं. म्हणजे त्यातली ऊर्जा मुळात विजेचीच. हायड्रोजन तिचा हमाल.

आणि हा हमाल मजुरी फार घेतो. एक किलो हायड्रोजन बनवायला साधारण ५० ते ५५ युनिट वीज लागते. त्या किलोत वापरण्याजोगी ऊर्जा ३३ युनिट. मग तो दाबून टाकीत भरायचा; रेक्याविकच्या बसमध्ये हा दाब हवेच्या दाबाच्या साडेतीनशे पट होता. त्यात आणखी काही युनिट जातात. गाडीतल्या फ्युएल सेलमध्ये त्याची पुन्हा वीज होते, तेव्हा जवळपास निम्मी ऊर्जा उष्णता होऊन निघून जाते. चाकांपर्यंत पोचतात जेमतेम १५ युनिट. तीच ५५ युनिट वीज सरळ बॅटरीत भरली, तर ४० च्या आसपास चाकांना मिळतात. हा हिशेब मला २००३ मध्येही मांडता आला असता. मी मांडला नाही, कारण वाफ सोडणाऱ्या बसचा फोटो फार सुंदर होता.

पण ही कल्पना वेडगळ नव्हती. ती मांडली आइसलंड विद्यापीठातले रसायनशास्त्राचे प्राध्यापक ब्रागी आर्नासन यांनी, १९७० च्या दशकात. लोक त्यांना ‘प्रोफेसर हायड्रोजन’ म्हणत. तेव्हा बॅटरी म्हणजे शिशाची: जड आणि कमी साठवणीची. लिथियम-आयन बॅटरी बाजारात आली १९९१ मध्ये आणि गाडी ओढण्याइतकी स्वस्त व्हायला पुढे दोन दशकं गेली. तेलासाठी परदेशावर अवलंबून, पण विजेनं समृद्ध अशा देशाला त्या काळी हायड्रोजनच दिसणार. १९९९ मध्ये मोठ्या परदेशी कंपन्यांना सोबत घेऊन तिथे खास कंपनीही निघाली. बसचा प्रयोग २००७ पर्यंत चालला. पुढच्या वर्षी देशाच्या बँका कोसळल्या.

त्याच देशानं दुसरं एक स्थित्यंतर मात्र पार पाडलं होतं, आणि त्याची बातमी क्वचितच होते. रेक्याविक म्हणजे ‘धुराचा उपसागर’. हा धूर म्हणजे जमिनीतून निघणारी वाफ. शहराजवळच्या गरम झऱ्यांवर बायका कपडे धुवायला जात. १९३० मध्ये त्या झऱ्यांचं पाणी सुमारे तीन किलोमीटर लांब नळातून शहरात आणलं आणि शाळा व काही घरं उबदार केली. १९७३ च्या तेलसंकटापर्यंत निम्मा देश तरीही तेल जाळूनच घरं तापवत होता. त्यानंतर सरकारनं विहिरी खोदण्याचा आणि नळ टाकण्याचा सपाटा लावला. आज दहांतली नऊ घरं जमिनीच्या उष्णतेवर तापतात. इथे उष्णता उष्णता म्हणूनच वापरली. रूपांतर नाही, म्हणून मजुरीही नाही.

मग हायड्रोजन कामाचाच नाही का? आहे, आणि आइसलंडला ते बसच्या आधीपासून माहीत होतं. रेक्याविकजवळ गुफुनेस इथे १९५० च्या दशकात खताचा कारखाना निघाला. जलविद्युत वापरून पाण्यापासून हायड्रोजन, हवेतून नायट्रोजन, दोन्हींचा अमोनिया आणि त्याचं खत. तिथे हायड्रोजन हमाल नव्हता, तो कच्चा माल होता. बॅटरीतून अमोनिया निघत नाही. तेलशुद्धीकरणाचंही तेच. लोहखनिजातून ऑक्सिजन काढून घ्यायला कोळशाऐवजी हायड्रोजन वापरता येतो. लांब पल्ल्याची जहाजंही बॅटरीच्या आवाक्याबाहेरची. मात्र उणे २५३ अंशांना द्रव होणारा हायड्रोजन जहाजात साठवणं त्रासाचं, म्हणून त्याचं मिथेनॉल किंवा अमोनिया करण्याकडे कल आहे. आइसलंडमध्येच स्वार्त्सेंगी इथे भूगर्भातून वाफेबरोबर येणारा कार्बन डायऑक्साइड आणि हायड्रोजन यांपासून मिथेनॉल बनवणारा कारखाना २०१२ मध्ये सुरू झाला.

गुफुनेसबद्दल वाचताना मला आपलं नांगल आठवलं. भाक्राच्या विजेवर सतलजच्या काठी १९६१ मध्ये असाच कारखाना सुरू झाला आणि त्याच हायड्रोजनमधून १९६२ पासून जड पाणीही मिळू लागलं. ‘हरित’ हा शब्द तेव्हा कुणी वापरला नाही, पण हायड्रोजन हरितच होता. पुढे त्या विजेला शेतीचे पंप, गावं आणि इतर कारखाने असे गिऱ्हाईक वाढले. नांगलचा अमोनिया आधी इंधन तेलावर आणि नंतर नैसर्गिक वायूवर गेला. तंत्र हरलं नव्हतं, वीज कमी पडली.

जानेवारी २०२३ मध्ये भारत सरकारनं १९,७४४ कोटी रुपयांचं राष्ट्रीय हरित हायड्रोजन मिशन मंजूर केलं. लक्ष्य २०३० पर्यंत वर्षाला ५० लाख टनांचं. वरच्याच हिशेबानं याला सुमारे २५० अब्ज युनिट वीज लागेल. मिशननंच त्यासाठी सुमारे १,२५,००० मेगावॉट नवी अक्षय ऊर्जाक्षमता धरली आहे. आपले खत कारखाने आणि तेलशुद्धीकरण केंद्रं आज वायूपासून बनलेला हायड्रोजन लाखो टनांनी वापरतात. यातला पहिला वाटा त्यांच्याकडे जायला हवा, असं माझं मत आहे. हायड्रोजनच्या बसला हिरवा झेंडा दाखवतानाचे फोटो आपल्याकडेही आता छापून येतात. व्याख्यानात कुणी त्याबद्दल विचारलं, की मी फळ्यावर आधी ५५ लिहितो आणि शेजारी १५.