काचेच्या डब्या, कुठल्या कुठे

हिवाळ्यात नदीचं पाणी ओसरलं की उघड्या पडलेल्या दगडांवर तपकिरी, बुळबुळीत थर दिसतो. पाय सटकला की आपण ‘शेवाळ’ म्हणून मोकळे होतो. पण हिरव्या तारांचं शेवाळ निराळं आणि हा थर निराळा. जुन्या टूथब्रशाने तो बशीत घासून घ्यावा (अभ्यासकही हेच करतात) आणि थेंबभर सूक्ष्मदर्शकाखाली ठेवावा. सोनेरी तपकिरी होड्या दिसतात. त्यांना ना शीड, ना वल्ही, तरी त्या संथपणे पुढे सरकतात. वाळूचा कण आडवा आला की थबकतात आणि वळण्याची तसदी न घेता आल्या वाटेने उलट निघतात. हे डायटम. मी पहिल्यांदा पाहिले तेव्हा चहा गार झाला होता.

मराठी विश्वकोशात त्यांना ‘करंडक’ म्हटलं आहे. इतकं चपखल पारिभाषिक नाव क्वचितच सापडतं. हा एकपेशीय जीव पाण्यात विरघळलेली सिलिका घेऊन स्वतःभोवती काचेचा करंडा घडवतो. खाली भांडं, वर घट्ट बसणारं झाकण. पेशीच्या दोन पेशी झाल्या की दोघींच्या वाट्याला एकेक अर्धुक येतं. दोघीही ते झाकण म्हणूनच वापरतात आणि आत बसेल असं भांडं नव्याने करतात. साहजिकच जिच्या वाट्याला भांडं आलं तिचा करंडा जरा लहान होतो, तिच्यानंतर तशाच वाटणीत आणखी लहान. अगदीच अडचण व्हायला लागली की लैंगिक प्रजनन होतं. जुनी काच टाकून पेशी फुगते आणि पुन्हा पूर्ण मापाचं घर बांधते.

पृथ्वीवरच्या एकूण प्रकाशसंश्लेषणाचा साधारण पाचवा हिस्सा हे करंडेवाले करतात. ते महत्त्वाचं आहेच, पण हा लेख ते मेल्यानंतरचा आहे.

पेशी कुजते, काच उरते. सगळीच नाही. बरीचशी तळाला जाण्याआधीच विरघळते. तरीही जी पोहोचते ती लाखो वर्षं टिकते. प्रयोगशाळेत गाळ तीव्र आम्लात उकळतात, सगळं सेंद्रिय जळून जातं, मग पाण्याने धुवून धुवून आम्ल काढतात. काचपट्टीवर उरतात नुसते करंडे आणि त्यांवरची जाळीदार नक्षी. नक्षीवरून जात ओळखायची, एकेका पट्टीवर चारेकशे अर्धुकं मोजायची. मान अवघडते, पण उत्तर मिळतं, कारण प्रत्येक जातीच्या आवडीनिवडी ठरलेल्या आहेत. कुणाला खारं पाणी हवं, कुणाला गोडं, कुणाला वाहतं, कुणाला दलदलीचं आंबट. गाळाच्या थरात कोण आहे ते कळलं की तेव्हाचं पाणी कळतं.

इथेच एक मेख आहे. करंडा जिथे जगला तिथली साक्ष चोख देतो. पण तो केसाच्या जाडीपेक्षाही लहान असतो, वाऱ्याने उडतो. सापडला तिथे तो आला कसा, हे त्याच्यावर लिहिलेलं नसतं.

डार्विनचंच उदाहरण घ्या. जानेवारी 1832 मध्ये ‘बीगल’ जहाज केप व्हर्द बेटांशी पोहोचत असताना डोलकाठीवरच्या वातकुक्कुटाच्या जाळीदार कापडात तपकिरी धूळ अडकलेली त्याला दिसली. त्याने ती पुडीत बांधली. पुढे ही पुडी आणि इतर जहाजांवरच्या काही पुड्या बर्लिनच्या एरेनबर्ग यांच्याकडे गेल्या. सूक्ष्मजीवांच्या बाबतीत त्या काळी त्यांचा शब्द अखेरचा. त्यांनी धुळीतून 67 सेंद्रिय आकार वेगळे काढले. त्यांतले सिलिकेच्या कवचाचे जीव दोन अपवाद सोडता सगळे गोड्या पाण्यातले होते. भर समुद्रात तळ्यातले जीव! एरेनबर्ग यांना त्यांत खास आफ्रिकेची म्हणावी अशी एकही जात दिसेना, उलट दोन जाती त्यांना फक्त दक्षिण अमेरिकेतून माहीत होत्या. डार्विनने मात्र वाऱ्याची दिशा पाहिली आणि 1846 च्या निबंधात धूळ आफ्रिकेची असल्याचं मांडलं. जाती ओळखण्यात तज्ज्ञाची बरोबरी नव्हती, पण पत्ता बरोबर निघाला तो डार्विनचा.

आज आपल्याला त्या प्रदेशातली तळीही ठाऊक आहेत. चाड देशातल्या बोडेले खोलगटात काही हजार वर्षांपूर्वी कॅस्पियनच्या तोडीचं सरोवर होतं. ते आटलं आणि मागे राहिली डायटमांची पांढरी भुकटी. तिथले वारे ती उधळत असतात. सहाराची मिळून वर्षाला सुमारे 2 कोटी 77 लाख टन धूळ ॲमेझॉनच्या खोऱ्यात पडते आणि तिच्यासोबत 22 हजार टन फॉस्फरस, असा नासाच्या उपग्रहावरून 2015 साली अंदाज मांडला गेला. त्यात बोडेलेचा वाटा किती, यावर वाद चालू आहे.

याहून मोठा वाद अंटार्क्टिकात पेटला. तिथल्या ट्रान्सअंटार्क्टिक पर्वतात, समुद्रापासून लांब आणि उंचावर, ‘सिरियस’ नावाचे हिमनद्यांनी टाकलेले गाळाचे थर आहेत. 1984 मध्ये पीटर वेब, डेव्हिड हारवूड आणि सहकाऱ्यांनी जाहीर केलं की त्यांत सुमारे तीस लाख वर्षांपूर्वीचे समुद्री डायटम आहेत. डायटमला उजेड लागतो. किलोमीटरभर बर्फाखाली तो जगत नाही. म्हणजे तेव्हा पूर्व अंटार्क्टिकाच्या आत समुद्र शिरला होता आणि नंतर वाढलेल्या हिमाने तो गाळ खरवडून डोंगरावर नेला. ज्या हिमस्तराच्या वितळण्याने जगभरचा समुद्र पन्नास मीटरांहून अधिक चढेल, तो इतका तकलादू?

विरोधकांना हे पटेना. तिथल्याच कोरड्या दऱ्यांत ऐंशी लाख वर्षांपूर्वीच्या ज्वालामुखी राखेखाली बर्फ तसाच शाबूत आढळला होता. तो कसा वितळला नाही? 1996 मध्ये तर दक्षिण ध्रुवाच्या बर्फातच डायटम सापडल्याचं प्रसिद्ध झालं. ध्रुवापर्यंत वारा त्यांना नेतो, मग डोंगरावर का नाही? दोन्ही पक्षांचे भूवैज्ञानिक वर्षानुवर्षं भांडले.

मला यात आवडतो तो रीड शेरर यांचा धागा. 1998 मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी पश्चिम अंटार्क्टिकात सुमारे किलोमीटरभर बर्फाला भोक पाडून काढलेल्या चिखलाचा निष्कर्ष मांडला. त्यात भूशास्त्राच्या मानाने अगदी अलीकडचे डायटम होते. आणि वाऱ्याच्या शंकेला तोंड देणारा दुसरा साक्षीदारही होता. वैश्विक किरणांमुळे हवेत बनणारं बेरिलियम-10 त्याच चिखलात होतं, बर्फाच्या झाकणाखाली ते तेवढं साचत नाही. तिथे उघडा समुद्र होता. पुढे 2016 मध्ये शेरर यांच्याच गटाने सिरियसचं कोडं प्रतिमानावर घातलं. हिमस्तर पूर्ण कोसळला नाही, पण किनाऱ्यालगतच्या खोऱ्यांतून मागे हटला. बर्फाचं ओझं उतरल्यावर जमीन हळूहळू वर आली, समुद्रतळ उघडा पडून वाळला, आणि त्यावरचे करंडे वाऱ्याने डोंगरावर नेले. म्हणजे डायटम उडूनच आले, आणि हिमही हटलंच होतं. त्या काळी हवेत कार्बन डायऑक्साइड होता तो दर दहा लाख भागांत सुमारे 400, जवळपास आजच्याइतका. वाऱ्यावर आलेला पुरावा टाकाऊ समजून हे प्रकरण मिटवलं असतं तर फार मोठी चूक झाली असती, असं माझं मत.

आपल्याकडे या विद्येचा पाया हेमेंद्रकुमार गांधी यांनी घातला. धारवाड, कोल्हापूर, मुंबई, गुजरात इथल्या पाण्यांतून त्यांनी शेकडो जाती नोंदल्या, त्यांत नव्या कितीतरी. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत आता हे काम चालतं. तिथल्या संशोधकांनी सहकाऱ्यांबरोबर कास पठारावरच्या एका हंगामी तळ्याचा गाळ तपासला, परागकण आणि डायटम दोन्ही. जवळपास साडेआठ हजार वर्षांपूर्वी पाऊस घटल्याची खूण त्यात आहे, पुढे तो वाढल्याची आहे, सुमारे अठ्ठावीसशे वर्षांपूर्वी पुन्हा मंदावल्याची आहे. गेल्या हजारेक वर्षांच्या थरात घाण पाणी सोसणाऱ्या जाती वाढलेल्या दिसतात. आजूबाजूच्या गुराढोरांचा हा परिणाम असावा, असा संशोधकांचा कयास आहे.

तेव्हा कासला फुलं पाहायला गेलात तर तळ्याच्या काठचा चिखल तुडवू नका. बोटभर चिखलात कित्येक पावसाळे असतात.