नायगावच्या हवेतील ओझोन आणि दूरच्या आगी

धुरावरून हवेची परीक्षा करण्याची सवय गिरणगावास जुनी आहे. स्प्रिंग मिलसारख्या गिरण्या चालू असताना नायगाव, परळ, लालबाग येथील हवा दूषित आहे हे सांगण्यास यंत्राची गरज नव्हती. १९८२ च्या संपानंतर गिरण्या एकामागून एक बंद पडल्या व धुराडी थंडावली. परंतु धूर दिसेनासा झाला म्हणजे हवा शुद्ध झाली, असे अनुमान काढणे युक्त नव्हे. भूपृष्ठालगतचा ओझोन हा डोळ्यांस न दिसणारा वायू असून तो धुराड्यातून बाहेर पडत नाही. तो हवेतच तयार होतो.

उंच वातावरणातील ओझोन अतिनील किरण अडवितो, म्हणून तो उपकारक होय. जमिनीलगतचा ओझोन मात्र श्वासमार्गाचा दाह करतो व दमेकऱ्यांस विशेष बाधतो. त्याची उत्पत्ती अशी: वाहनांच्या धुरातील नायट्रोजन डायऑक्साइडचे सूर्यप्रकाशाने विघटन होते व सुटलेला ऑक्सिजनचा अणू हवेतील ऑक्सिजनशी संयोग पावतो. उलटपक्षी नायट्रिक ऑक्साइड हा वायू ओझोनचा नाश करतो. हवेत हायड्रोकार्बने व कार्बन मोनॉक्साइड असल्यास हा तोल ढळून ओझोन साचू लागतो. लॉस एंजेलिसच्या धुरक्याचा अभ्यास करून हागेन-स्मिट यांनी १९५० च्या सुमारास ही प्रक्रिया उलगडली.

यावरून एक विलक्षण गोष्ट निष्पन्न होते. डॉ. आंबेडकर मार्गावर वाहनांची दाटी असते, तेथे नायट्रिक ऑक्साइडमुळे ओझोन कमी आढळू शकतो. त्या धुरापासून झालेला ओझोन वाऱ्याच्या दिशेने दूरवर वाढतो. २०२० च्या टाळेबंदीत भारतीय शहरांतील नायट्रोजनची ऑक्साइडे झपाट्याने घटली, तरी ओझोन त्या मानाने घटला नाही. कित्येक ठिकाणी तो वाढलाच.

आता आगींचा संबंध पाहू गेल्यास तोही असाच आडवळणाचा आहे. ठाणे, रायगड व पालघर जिल्ह्यांत पावसाळ्यापूर्वी भाताच्या रोपवाटिकेसाठी राब भाजतात. विदर्भात मोहफुले वेचण्यासाठी पेटविलेल्या पालापाचोळ्यातून वणवे पसरतात. डिसेंबर २०१८ मध्ये गोरेगावजवळील डोंगरावर वणवा लागला होता, तर जानेवारी २०१६ च्या अखेरीस देवनारची कचराभूमी पेटून शहरभर धूर पसरला होता. अशा धुरात ओझोनची सर्व सामग्री असते. तथापि आगीच्या अगदी जवळ दाट धूर सूर्यप्रकाश अडवितो, त्यामुळे तेथे ओझोन फारसा होत नाही. धूर विरळ होत पुढे सरकला, म्हणजे तो तयार होऊ लागतो. रात्री मतलई वाऱ्यांबरोबर शहरावर आलेल्या धुराचा परिणाम दुसऱ्या दिवशी दुपारी, आकाश निरभ्र दिसत असतानाही, जाणवू शकतो.

म्हणूनच दीर्घकालीन कल ठरविणे कठीण आहे. अहमदाबाद येथे १९५४-५५ मध्ये झालेल्या मोजणीची तुलना १९९१-९३ च्या मोजणीशी करता ओझोन बराच वाढल्याचे आढळले. मुंबईस अशी जुनी नोंद लाभलेली नाही. परळ, वरळी व काळबादेवी येथील नीरीच्या केंद्रांचा भर गंधक डायऑक्साइड, नायट्रोजन डायऑक्साइड व धूलिकण यांवर होता. पुण्याच्या उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेच्या ‘सफर’ योजनेने २०१५ पासून मुंबईत ओझोनची अखंड मोजणी सुरू केली. एवढ्या अल्प अवधीत एखादा कमी पावसाचा हंगाम किंवा आगींचे एखादे वर्षही आलेखाचा कल फिरवू शकते. अमेरिकेच्या पश्चिम भागात वाहनांवरील निर्बंधांनी ओझोन घटत आला होता. परंतु वाढत्या वणव्यांनी ती घट काही अंशी निष्फळ केली आहे.

भारतात २००९ च्या मानकांनुसार ओझोनची आठ तासांची मर्यादा दर घनमीटरास १०० मायक्रोग्रॅम आहे. ही मर्यादा ओलांडली गेली, तर त्याचा त्रास दुपारच्या उन्हात काम करणाऱ्या हमालास, फेरीवाल्यास व वाहतूक पोलिसास प्रथम होतो. वाहने, वणवे व ऋतुमान यांचे वाटे वेगवेगळे मोजल्याखेरीज उपाय ठरविला, तर एक प्रदूषक घटेल आणि दुसरे वाढेल. त्यासाठी रस्त्यालगत, वस्तीत व शहराच्या वेशीवर अशा तिन्ही ठिकाणी वर्षानुवर्षे ओझोन व त्याचे घटकवायू एकत्र मोजणे अवश्य आहे.