कापसाची ट्रॉली हायवेवर काढताय? आधी पिन, बेअरिंग आणि मागचे दिवे बघा

मलकापूर आणि नांदुऱ्याच्या मधे, वडनेर भोलजीवरून राष्ट्रीय महामार्ग ५३ जातो. कापसाच्या हंगामात ट्रॅक्टर-ट्रॉल्या आणि लांब पल्ल्याचे ट्रक एकाच रस्त्यावर येतात.

ट्रॉलीला बहुधा स्वतःचे ब्रेक नसतात. ट्रॅक्टरचा ब्रेक दाबला की मागचं सगळं वजन हुकाच्या पिनवर आदळतं. पिन झिजते, भोक लांबट होतं. तिथे हाताला लागलेली सळई किंवा बोल्ट घालू नका. मापाची नवी पिन घ्या, खाली क्लिप लावा आणि जोडीला साखळी बांधा. पिन तुटली तरी ट्रॉली सुटणार नाही.

चाक जॅकवर उचलून हलवा. खडखडलं तर बेअरिंग सैल आहे. चार-पाच किलोमीटर चालवल्यावर एकच हब जास्त तापला, तर ग्रीस किंवा बेअरिंग संपलं समजा.

टायरची हवा सगळेच बघतात. मागचे दिवे कुणी बघत नाही! ताडपत्री आणि लोंबणारा कापूस ते झाकतात. दिवे फाळक्याखाली चासीवर घ्या. मागे लाल, बाजूंना पिवळी रिफ्लेक्टर पट्टी लावा. वायर तुटली तरी पट्टी मागच्या गाडीच्या उजेडात चमकते, फक्त निघताना तिच्यावरची धूळ फडक्याने पुसा.